अर्थ मिळत नाही

नळस्टॉपच्या सिग्नलला
स्कूटरवरच्या एका गृहस्थांनी काच वाजवली.
खाली केली. म्हणाले,
"बाई, तुमचा ब्रेकलाइट लागत नाही.
मागच्यांनी काय, पत्रिका बघायची?"
आणि हिरवा पडायच्या आत निघूनही गेले.

किती दिवस झाले असतील, कोण जाणे.
आपला ब्रेकलाइट आपल्याला दिसत नाही.
आपण थांबलो, एवढंच आपल्याला ठाऊक.

घरी येऊन बल्ब बदलला,
दोन तारांचा, एकवीस-पाच वॅट, चाळीस रुपये.
फ्यूज उपसून खिडकीशी धरला: तार शाबूत.
स्टिअरिंगखाली मान घालून
पेडलच्या वरचं पांढरं बटण बोटानं दाबलं.
टिक.
म्हणजे निदान ते तरी ऐकतंय.

पण नव्या बल्बनं नवीनच सोंग काढलं.
ब्रेक मारला की टेललाइट विझायचा
आणि डावा इंडिकेटर मिणमिणायचा,
न लुकलुकता, आजारी माणसासारखा.
अगं, मला वळायचं नाहीय, थांबायचंय,
हे गाडीला कसं सांगतात?

शनिवारी नाना पेठ.
परदेशी मिस्त्रींचं दुकान म्हणजे
दुसऱ्याच्या बंद शटरपुढची पायरी, एक पत्र्याची पेटी,
आणि टेस्टर: जुन्या स्कूटरचा बल्ब, दोन वायरी,
एका टोकाला दाभण, दुसऱ्याला मगरीचं तोंड.
"पोरगं परीक्षेला गेलंय. तुम्हीच बसा आत.
मी म्हणलं की दाबायचं."

दाबा.
सोडा.
दाबा.
दाबलंय का?
दाबलंय हो.
तसंच धरा.

आरशात त्यांच्या टोपीचा शेंडा तेवढा.
पोटरीत गोळा यायला लागला.
समोरून हातगाडीवर सायलेन्सर चालले होते,
एकावर एक, उसाच्या मोळीसारखे.

वीस मिनिटांनी डिकीतून आवाज आला,
"करंट येतोय. एकदम कडक येतोय.
अर्थ मिळत नाहीये."

मी गप्प.
"हसू नका, सगळे हसतात.
करंट येतो ते सगळे बघतात, ताई.
त्याला माघारी पण जायचं असतं.
माघारीची वाट बुजली की तो घुसतो
सापडेल त्या बोळात. इंडिकेटरमधून, कुठूनही.
दिवा बिचारा काय करणार?"

मग गालिचा उचलला, बॅटरी मारली,
आणि असा थांबला की मला आरशात भुवईसुद्धा दिसली.
"हा स्क्रू कुणी मारला?
रंगावर मारलाय! रंगातून अर्थ जातो होय?
कुठल्या गाढवानं..."

दोन वर्षांपूर्वी, पार्किंगचा खांब, फुटलेला होल्डर.
बाजारातून नवा आणून, दारं बंद करून,
एका रविवारी एकटीनं बसवला होता.
ऑफिसात चार जणांना सांगितलं होतं.
तेव्हा लागलाही होता. महिनाभर तरी.

"असेल कुणीतरी," मी म्हटलं,
आणि ब्रेक जरा जास्तच जोरात दाबला.

त्यांनी पॉलिशपेपरनं रंग खरवडला,
पत्रा चांदीसारखा उघडा पडेपर्यंत.
स्क्रू फेकून दिला, बोल्ट घातला, वर ग्रीस.
"दाबा."
शांतता.
"लागला का?"
"तुम्हीच उतरून बघा की."

उतरले.
पाय सुटला. दिवा विझला.
ते पायरीवर बसून खो खो हसत होते,
पुढचे दोन दात नसलेलं, मोकळं हसू.
"आता आमच्यावर विश्वास ठेवा. दीडशे द्या."

रात्री धायरीला, सोसायटीच्या मागच्या बाजूला
गाडी उलटी घेतली भिंतीपर्यंत, हातभर अंतर ठेवून.
भिंतीवर लिहिलंय:
येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.
दाबलं.
'येथे' लाल झालं. 'हवा' लाल झाली.
सोडलं. पुन्हा काळोख, पुन्हा चुना.
दाबलं.

वॉचमन खुर्ची सरकवून आला.
"मॅडम, काही प्रॉब्लेम?"
"नाही हो," म्हटलं,
"थांबून बघतेय."